परदेशातली मुले भोपाळला येतात तेव्हा

भोपाळहून सांचीला निघाले की दीवानगंज-सलामतपूरच्या टापूत रस्त्याच्या कडेला कर्कवृत्ताची खूण लागते. बहुतेक जण गाडी थांबवून तिथे फोटो काढतात. मागच्या खेपेला आमच्या नातीनेही काढला आणि विचारले, "म्हणजे आजी-आजोबा ट्रॉपिक्समध्ये राहतात?" हो, राहतो. कर्कवृत्त साधारण २३.४४ अंशांवर, आपले भोपाळ २३.२५ वर आणि सांची २३.४८ वर. म्हणजे सकाळी स्तूप बघायला गेलो की आपण उष्ण कटिबंधाच्या बाहेर असतो आणि रात्री जेवायला पुन्हा आत!

हा झाला गमतीचा भाग. पण आपल्यापैकी किती जण पाहुण्यांच्या तयारीत याचा विचार करतात? आपल्यातली बरीच घरे १९५६ साली राजधानी आली तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून इथे आली, काही पुढे भेलच्या नोकरीने आली. आता त्याच घरांतली मुले अमेरिकेत, जर्मनीत, सिंगापुरात आहेत. ती दोन-तीन वर्षांनी येतात ती घरी म्हणून येतात. त्यांचे शरीर मात्र पाहुण्याचे झालेले असते. नातवंडांचे तर जन्मापासूनच. मंडळाच्या कार्यक्रमांत भेटणाऱ्या मित्रांशी बोलताना हाच विषय वारंवार निघतो, म्हणून आम्ही दोघांनी जे अनुभवले आणि विचारून-वाचून जमवले ते इथे देत आहोत.

आमच्याच घरातले सांगतो. मुलगा चार वर्षांनी आला. पहिल्याच संध्याकाळी न्यू मार्केटमध्ये पाणीपुरी, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवरचे पोहे-जलेबी, वर उसाचा रस बर्फ घालून. "मी इथलाच आहे, मला काय होतंय!" आणि खरे सांगायचे तर आग्रह आमचाच होता. इथे असेपर्यंत काही झाले नाही. परत गेल्यावर दहाव्या दिवशी ताप चढला. तिथल्या डॉक्टरांनी आधी फ्लू समजून औषध दिले, कारण भारतातून आलो हे याने सांगितलेच नव्हते. निदान झाले तेव्हा टायफॉइड निघाला. रुग्णालयात सहा दिवस. आम्ही इथे फोनपाशी बसून.

टायफॉइडची लक्षणे दिसायला एक ते तीन आठवडे, कधी त्याहून अधिकही लागतात. त्यामुळे तो बहुधा परत गेल्यावरच उपटतो. म्हणून पहिली सूचना हीच: परतल्यावर महिना-दोन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचे की आम्ही भारतात जाऊन आलो. मलेरियाचेही तसेच. लहानपणी इथे राहिलो म्हणून असलेली थोडीफार प्रतिकारशक्ती काही वर्षांत ओसरते.

प्रवासाशी संबंधित आजार बघणारे डॉक्टर नातेवाइकांकडे जाणाऱ्या प्रवाशांचा वेगळा वर्गच मानतात, आणि त्यांना धोका अधिक असतो. कारण सोपे आहे. हॉटेलात उतरणारा गोरा पर्यटक निघण्याआधी डॉक्टरांना विचारतो, लस घेतो, बाटलीचे पाणी पितो. आपली मुले म्हणतात, आईकडे तर चाललोय! तेव्हा तिकिटे काढल्याचा फोन आला की आपणच विचारावे, "लशी झाल्या का?" टायफॉइडची लस निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे घेतलेली बरी. हेपटायटिस ए, म्हणजे आपण ज्याला कावीळ म्हणतो त्यातला एक प्रकार, आपल्या पिढीतल्या बहुतेकांना लहानपणी नकळत होऊन गेला, म्हणून आपण निर्धास्त. परदेशात जन्मलेल्या नातवंडांना तो संरक्षक अनुभव नाही. त्यांना लसच हवी.

कुणाची मुले आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत असतील तर पीतज्वराच्या लशीचा दाखला अजिबात विसरू नये. लस घेतल्यावर दहा दिवसांनी तो ग्राह्य होतो. दाखला नसेल तर विमानतळावरून घरी नाही, अलगीकरणात पाठवतात, मग बाहेर आजोबा हार घेऊन का उभे असेनात.

आता आपले स्वयंपाकघर. घरचे गरम जेवण सर्वांत सुरक्षित, यात शंका नाही. अडचण येते ती वरच्या गोष्टींत: कापून ठेवलेली फळे, बाहेरची हिरवी चटणी, बर्फ, लग्नातले सॅलड. ताक घरचे चालेल, पण त्यात घातलेले पाणी कुठले ते बघावे. लहान मुलांना दात घासायलाही पिण्याचेच पाणी द्यावे. चाट खायचीच असेल (आणि खाणारच!) तर मुक्कामाच्या शेवटी नव्हे, पहिल्या दिवशीही नव्हे, आणि पाणीपुरीऐवजी तव्यावरची गरम टिक्की. जुलाब सुरू झालेच तर ओआरएस. डब्ल्यूएचओच्या सूत्राप्रमाणे बनवलेले असे पाकिटावर लिहिलेले बघून घ्यावे आणि लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट घालावे. घाईत अर्धे पाकीट ग्लासभर पाण्यात घालणाऱ्या आजी आम्ही पाहिल्या आहेत. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

तापाच्या औषधाचा घोटाळा याहून गंभीर. अमेरिकेत ज्याला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात तेच आपले पॅरासिटामॉल. सून टायलेनॉल देते, तासाभराने आजी मायेने क्रोसिन देते. औषध दोनदा गेले! शिवाय पातळ औषधाचा जोर वेगळा असतो. तिकडच्या बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम, इकडे १२० किंवा २५०, आणि थेंबांच्या बाटलीत तर एका मिलिलिटरमध्येच १००. नातवंडाला औषध एकाच व्यक्तीने द्यावे आणि वेळ कागदावर लिहून फ्रिजवर लावावी, हे आम्ही आता कटाक्षाने करतो.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. भोपाळच्या घरांत अशी आदर्श जागा म्हणजे कूलरची टाकी. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करावी. नुसते वरून पाणी भरत राहू नये.

आणि कुत्री. परदेशातली मुले कुत्रा दिसला की हात पुढे करतात, कारण तिकडच्या कुत्र्यांना मालक असतो. कॉलनीतल्या कुत्र्यांना हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगावे. चावला किंवा नुसता ओरखडा निघाला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. हळद-चुना काही नाही. शेवटचा डोस २८व्या दिवशी येतो, म्हणजे बहुधा परतीच्या तिकिटानंतर. तेव्हा झालेल्या डोसांचा लेखी कागद बरोबर द्यावा.

बोलावताना ऋतूही बघावा. तिकडच्या शाळांची मोठी सुट्टी जूनपासून, म्हणजे आपल्याकडे आधी चाळीसच्या वरचा उन्हाळा आणि मग पावसाळा. डिसेंबर-जानेवारी उत्तम. पण दिल्लीमार्गे येणार असतील तर धुक्याने विमाने आणि गाड्या दोन्ही रखडतात. पुढच्या प्रवासाला भरपूर वेळ ठेवावा, आणि शक्य तर मुंबईवरून यावे. एक गंमत सांगतो, जानेवारीत नातवंडे आपल्या घरात कुडकुडतात. त्यांच्याकडे बाहेर बर्फ असला तरी आत उबदार असते, आपल्याकडे आतही दहा-बारा अंश! रजया उन्हात टाकून ठेवाव्यात.

आयुष्य बँकेत गेल्यामुळे पैशांविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. मुलगा परदेशी स्थायिक झाला की त्याचे इथले साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावे लागते. कित्येक घरांत हे वर्षानुवर्षे राहून जाते. मुक्कामातली एक सकाळ त्याला द्यावी. एनआरई किंवा एनआरओ खात्याला आता काही देशांच्या मोबाइल क्रमांकावरूनही यूपीआय जोडता येते. ते येण्याआधीच करून घेतले तर भाजीवाल्यासमोर कार्ड पुढे करायची वेळ येत नाही. येताना पाच हजार डॉलरपेक्षा जास्त रोख नोटा, किंवा प्रवासी धनादेश वगैरे धरून एकूण दहा हजारांपेक्षा जास्त परकीय चलन असेल तर विमानतळावर जाहीर करणे आवश्यक आहे.

मुलांच्या ड्रॉवरमधून जुन्या नोटाही निघतात. २०१६ सालच्या नोटबंदीतल्या पाचशे-हजाराच्या असतील तर आठवण म्हणून ठेवाव्यात. दोन हजाराच्या मात्र अजून वाया गेलेल्या नाहीत. बँका ऑक्टोबर २०२३ पासून घेत नाहीत, पण रिझर्व्ह बँकेची १९ कार्यालये घेतात आणि त्यातले एक आपल्याच होशंगाबाद रोडवर आहे. ओळखपत्र घेऊन जावे.

कागदपत्रांत नातवंडांकडे विशेष लक्ष द्यावे. आईबापांचा पासपोर्ट भारतीय असला तरी तिकडे जन्मलेल्या मुलाचा बहुधा तिकडचाच असतो, आणि त्याला व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागते. नवा पासपोर्ट झाला असेल तर त्याची प्रत ओसीआयच्या पोर्टलवर चढवली आहे ना, हे सुनेला महिनाभर आधी विचारावे. सांचीला किंवा भीमबेटकाला जाताना मूळ ओसीआय कार्ड जवळ ठेवावे. ते दाखवले की तिकीट भारतीयांच्या दराने मिळते. आम्ही ते घरी विसरलो होतो, आणि कर्कवृत्ताच्या खुणेपाशी फोटो काढताना एकदम आठवले.