बोर्डिंगांचे कोल्हापूर आणि भट्टीवरची पोरं

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेड्यातून कोल्हापुरात शिकायला येणाऱ्या मुलाला फीपेक्षा मोठी अडचण पडायची ती रात्रीच्या जेवणाची. शहरात राजाराम हायस्कूल होते, राजाराम कॉलेज होते, पण गडहिंग्लज-भुदरगडाकडचा मुलगा झोपणार कुठे आणि जेवणार काय, हे शाळेच्या नियमांत कुठेच लिहिलेले नव्हते. गरीब ब्राह्मण मुलाला निदान माधुकरी होती, वार लावून जेवायची सोय होती. ती अपमानाची असेल, पण चालत आलेली वाट होती. कुणब्याच्या, धनगराच्या, मुसलमान कारागिराच्या मुलासाठी असे एकही दार नव्हते. महारामांगांच्या मुलाला तर पैसे देऊनही कोणी खोली दिली नसती.

कोल्हापूरच्या बोर्डिंगांचा इतिहास सांगताना आपण बहुधा थेट शाहू महाराजांच्या मोठेपणापासून सुरुवात करतो. मला तो या भाकरीच्या प्रश्नापासून सांगावासा वाटतो, कारण महाराजांनी प्रश्न तिथेच नेमका पकडला होता. 1894 मध्ये त्यांनी कोल्हापूर संस्थानाचा राज्यकारभार हाती घेतला. दोनच वर्षांनी सर्व जातींच्या मुलांसाठी म्हणून एक वसतिगृह निघाले, पण ब्राह्मणेतर मुले तिथे टिकली नाहीत. दार सर्वांना उघडे असले तरी आतली पंगत, आतले सोवळे आणि आतली व्यवस्था एकाच वळणाची असेल, तर बाहेरचा मुलगा आपणहून निघून जातो. पुढच्या वाटचालीचा आराखडा या फसलेल्या प्रयोगातून आला असावा, असे माझे मत आहे.

1901 च्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या मुलीचे नाव या शेवटच्या वसतिगृहाला दिले गेले. त्यामागे हिशेब असणारच: गव्हर्नरच्या लेकीच्या नावाच्या इमारतीला उघड विरोध करणे सनातन्यांना जड गेले असते. शिवाय लिंगायत, सारस्वत, दैवज्ञ, नामदेव, वैश्य, ढोर-चांभार अशी यादी वाढत गेली आणि महाराजांच्या हयातीतच वसतिगृहांची संख्या वीसच्या आसपास पोचली. दसरा चौकात आणि त्याच्या आजूबाजूला फिरताना यांतल्या कितीतरी पाट्या आजही वाचता येतात.

रीत साधारण अशी असे. जागा, इमारत किंवा सुरुवातीची रक्कम दरबाराने द्यायची, वार्षिक अनुदान बांधून द्यायचे आणि कारभार मात्र त्या त्या समाजाच्या मंडळींनी चालवायचा. वर्गणी तेच काढणार, सुपरिंटेंडेंट तेच नेमणार, कुणाला प्रवेश द्यायचा तेही तेच ठरवणार. आज ज्याला आपण स्वयंसेवी संस्था म्हणतो त्याचाच हा जुना नमुना. मुस्लिम समाजातल्या मंडळींनी पुढाकार घ्यावा म्हणून महाराजांनी वाट पाहिली आणि शेवटी मुस्लिम बोर्डिंग चालवणाऱ्या शिक्षण संस्थेचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले.

जातवार वसतिगृहांमुळे जात पक्की झाली, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. तो खोटा नाही. पण 1901 साली सगळ्यांचे एकच स्वयंपाकघर काढले असते तर त्यात जेवायला कोण आले असते, हेही विचारले पाहिजे. खुद्द महाराजांनाही ही व्यवस्था कायमची नको असावी. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करताना, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला त्यांनी महिना एक रुपया दंड लावला. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्याच शाळांत बसवण्याचा हुकूम काढला. शाळा एकत्र, राहणे वेगळे, अशी ही मधली पायरी होती.

पुढची पायरी चढली ती बोर्डिंगातून बाहेर पडलेल्या एका मुलाने. कुंभोजचे भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर आंघोळ करूनच आत यायचे, ही अट त्यांनी मानली नाही, असे सांगितले जाते. त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. याच भाऊरावांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. मुले एकाच चुलीवरचे जेवत होती, आळीपाळीने स्वयंपाक करत होती, शेतात राबून आपला खर्च भागवत होती. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव मिळाले. पैसा संपला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडले. दरबारी अनुदानावर उभी राहिलेली कल्पना अशा रीतीने घरच्या सोन्यावर चालू राहिली. कोल्हापूरच्या बोर्डिंगांचे सगळ्यात मोठे फळ कोल्हापूरच्या बाहेर साताऱ्यात धरले, आणि तेही बंडखोरीतून, याची मला नेहमी गंमत वाटते.

6 मे 1922 ला महाराज गेले. 1949 मध्ये संस्थान विलीन झाले आणि दरबारचा हात सुटला. ट्रस्ट राहिले, इमारती राहिल्या. काही बोर्डिंगांनी शाळा आणि कॉलेजे काढली, काही ठिकाणी रस्त्याकडेला गाळे निघाले आणि भाड्यावर मुलांची मेस चालली. मुलींचा विचार तर उशिराच झाला. सुरुवातीची सगळी बोर्डिंगे मुलांचीच होती. डॉ. व्ही. टी. पाटील यांच्या ताराराणी विद्यापीठासारख्या संस्था उभ्या राहिल्या तेव्हा कुठे खेड्यातली मुलगी कोल्हापुरात राहून शिकण्याची शक्यता घरोघर बोलली जाऊ लागली.

आता जे सांगायचे आहे ते बोर्डिंगांच्या गौरवग्रंथांत सापडत नाही. बोर्डिंग हे बाहेरून शहरात येणाऱ्या मुलासाठी होते. त्याचे गाव होते, घर होते, आईबाप शेतात होते. नव्हते ते फक्त शहरातले छप्पर. पण शहरातच जन्मलेले, शहरातच उपाशी असलेले मूल या चौकटीत कधीच नीट बसले नाही. राजेंद्रनगर, यादवनगर, सदर बाजार, विचारे माळ या वस्त्यांतल्या मुलाला राहायला पत्र्याची का होईना खोली असते. त्याच्या घरात दारू असते, कर्ज असते, बापाचे आजारपण असते, आणि सातवीनंतर गॅरेज किंवा हॉटेल वाट बघत असते. अशा मुलाला आधार मिळाला तर तो पेठेतल्या तालमीचा. कोल्हापूरची तालीम केवळ कुस्तीची नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमी फुटबॉलचे संघ चालवतात आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की सगळी पेठ गोळा होते. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला, रिक्षाचालकाचा मुलगा. या तालमींचा जल्लोष आणि वर्गणी कधीकधी नकोशी होते, हे खरे. तरी पोराला रोज संध्याकाळी कुठेतरी हजेरी लावायला लावणे, हे काम त्यांनी कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा जास्त वर्षे केले आहे.

ज्यांना घरच नाही त्यांच्यासाठी मंगळवार पेठेतले बालकल्याण संकुल आहे. जुनी माणसे अजून त्याला रिमांड होमच म्हणतात. टाकून दिलेली, हरवलेली, कोर्टाने पाठवलेली मुले तिथे असतात. तिथे जातीची पाटी नाही, ही बोर्डिंगांच्या काळानंतरची मोठी मजल आहे. आणि तिची फारशी चर्चा होत नाही.

सगळ्यात अवघड मुले मात्र शहराच्या कडेला, वीटभट्ट्यांवर आहेत. दिवाळीनंतर कर्नाटक, सोलापूर, मराठवाड्यातून कुटुंबे मालकाकडून आगाऊ उचल घेऊन येतात आणि पाऊस जवळ आला की जातात. मजुरी हजार विटांवर मिळते. त्यामुळे लहान हातालाही किंमत येते. रात्री दोन-तीनला गारा मळायला सुरुवात होते, आणि थापलेली कच्ची वीट उलटी करायला पोरच लागते. अनुराधा भोसले यांच्या ‘अवनि’ संस्थेने या भट्ट्यांवरच शाळा चालवल्या, कामावरची मुले सोडवली, कचरा वेचणाऱ्या बायकांना संघटित केले. इथे शिक्षकाला आधी भट्टीमालकाशी बोलावे लागते, मग मुकादमाशी, मग आईबापाशी, आणि शेवटी मुलाशी. शाहू महाराजांच्या सक्तीच्या शिक्षणात दंड पालकाला होता. इथे पालक स्वतःच उचलीने बांधलेला असतो. त्याला दंड करून काय वसूल होणार?

शिक्षणहक्क कायदा 2010 पासून लागू आहे आणि वर्षाच्या मधे आलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात घ्यावे लागते. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही निघाले. कागद त्यामुळे बराच सुधारला. पण जवळच्या शाळेत भट्टीवरच्या मुलाला घेतले तरी भट्टीपासून शाळेपर्यंत नेणार कोण, गुरुजी त्याच्या कन्नडशी कसे बोलणार, आणि मे महिन्यात कुटुंब गेले की त्याचे नाव कुठल्या पटावर राहणार? या प्रश्नांची उत्तरे कायद्यात नाहीत. ती दरवर्षी नव्याने शोधावी लागतात, आणि ती शोधणारे बहुतेक मानधनावरचे कार्यकर्ते आहेत.

2022 च्या 6 मे रोजी शाहू स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता अख्खे कोल्हापूर शंभर सेकंद थांबले. पण महाराजांनी दाखवलेला वसतिगृहाचा मार्ग आता एकटा उरलेला नाही. अलीकडे सरकारने वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना थेट खात्यात पैसे देण्याची वाट धरली आहे. स्वाधार योजना, निर्वाह भत्ता यांतून मुलगा भाड्याने खोली घेतो, डबा लावतो. वसतिगृहाच्या बंधनातून तो सुटतो, हे बरे. पण परीक्षेच्या आदल्या रात्री शेजारच्या खाटेवरचा मुलगा गणित समजावून देतो, ती सोय रकमेत येत नाही. आणि ज्याच्या नावावर खाते नाही, कायमचा पत्ता नाही, शाळा सोडल्याचा दाखला तीन गावांत विखुरलेला आहे, त्या भट्टीवरच्या मुलाला अर्जातला पहिलाच रकाना भरता येत नाही. जूनमध्ये बोर्डिंगांचे प्रवेश सुरू होतात तेव्हा त्याचे बिऱ्हाड टेम्पोत भरून गावाकडे निघून गेलेले असते.