बॅकअप सुरू होताच हँग होणारा संगणक

डेस्कटॉप संगणक एरवी सुरळीत चालतो, पण स्वयंचलित बॅकअप, म्हणजे साठवलेल्या माहितीची राखीव प्रत घेण्याचे काम, सुरू झाले की काही वेळातच पडदा जागच्या जागी थांबतो, कीबोर्ड दाद देत नाही आणि अखेरीस बटण दाबून यंत्र बंद करावे लागते, अशी तक्रार घरांत आणि लहान कार्यालयांत नेहमी ऐकू येते. विंडोज ७ मध्ये बॅकअपची आधीच ठरवून दिलेली वेळ दर रविवारी सायंकाळी ७ ही होती, तर २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ मधील ‘फाइल हिस्टरी’ ही सोय एकदा चालू केली की दर तासाला प्रत घेते. त्यामुळे संगणक हँग होण्याची वेळ आणि बॅकअपची वेळ एकच आहे, हे वापरणाऱ्याच्या लवकर लक्षात येते. मग बॅकअपलाच दोषी ठरवून तो बंद केला जातो, संगणक पुन्हा चालू लागतो आणि निदान बरोबर होते असा समज पक्का होतो. वस्तुतः अनेकदा बॅकअपने दोष निर्माण केलेला नसतो, तर आधीपासून दडलेला दोष उघडकीस आणलेला असतो, आणि म्हणूनच तो बंद करणे हा या प्रसंगी सर्वांत घातक उपाय होय.

याचे कारण हार्डडिस्कच्या कार्यपद्धतीत आहे. रोजच्या कामात डिस्कचा फार थोडा भाग वाचला जातो. पूर्ण बॅकअप मात्र वर्षानुवर्षे न उघडलेली छायाचित्रे आणि जुने हिशेबही वाचतो, आणि सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने १ टेराबाइट माहिती वाचायची तर सुमारे पावणेतीन तास डिस्क अखंड राबते. डिस्कवरील माहिती ५१२ किंवा ४०९६ बाइटांच्या छोट्या खणांत साठवलेली असते; या खणाला सेक्टर म्हणतात. एखादा सेक्टर खराब झाला असेल, तर डिस्क तो लगेच सोडून न देता पुन्हा पुन्हा वाचून पाहते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास जेमतेम ८ मिलिसेकंद लागत असले, तरी प्रयत्नांची संख्या इतकी असते की एका सेक्टरपायी कित्येक सेकंद खर्ची पडतात. विंडोज उत्तराची वाट सर्वसाधारणपणे ६० सेकंदांपर्यंत पाहते आणि मग डिस्कशी जोडणी नव्याने सुरू करते. विंडोज स्वतःही त्याच डिस्कवरून चालत असेल, तर तेवढा काळ बाकीची सारी कामे रांगेत खोळंबतात. अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या साठवण-यंत्रांसाठी बनवलेल्या डिस्क सुमारे ७ सेकंदांत प्रयत्न सोडतात, कारण तीच माहिती शेजारच्या डिस्कवरून मिळवता येते. घरगुती डिस्कला असा आधार नसल्याने तिचा हा चिवटपणा माहिती वाचवण्यासाठीच असतो.

हे अनुमान तपासण्याची साधने विंडोजमध्येच आहेत. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या नोंदवहीतील ‘सिस्टिम’ विभागात हँग होण्याच्या वेळेच्या आसपास ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांकाची नोंद आढळली, तर ती खराब सेक्टरची असते; १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावे लागले आणि १२९ म्हणजे जोडणी नव्याने सुरू करावी लागली. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही ठळक नोंद पाहून अनेक जण वीजपुरवठ्यामागे लागतात. परंतु ती केवळ संगणक रीतसर बंद झाला नाही एवढेच सांगते, कारण सांगत नाही. त्यानंतर ‘स्मार्ट’, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेली आकडेवारी, पाहावी. तीत ५ हा बदली दिलेल्या सेक्टरांचा, १९७ हा संशयित सेक्टरांचा आणि १९९ हा केबलमधून जाताना झालेल्या चुकांचा क्रमांक असून, शेवटचा आकडा वाढत असेल तर डिस्कला जोडणारी साटा केबल नवी बसवून प्रश्न सुटू शकतो. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कच्या निरीक्षणावर आधारित शोधनिबंध प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट असल्याचे त्यात दिसले. मात्र निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी चार प्रमुख आकड्यांपैकी एकातही आधी इशारा दिला नव्हता, तेव्हा आकडे स्वच्छ आहेत म्हणून निर्धास्त राहणे योग्य नाही.

दोष डिस्कचा ठरल्यास क्रम पाळणे महत्त्वाचे आहे. ‘चेकडिस्क’ ही दुरुस्तीची आज्ञा संपूर्ण पृष्ठभाग तपासण्याच्या पर्यायासह प्रथम चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तासन् तास राबवणारी ही तपासणीच तिचा शेवट करू शकते. आधी महत्त्वाच्या फाइली हाताने दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, आणि तेही अडत असेल तर ‘डीडी-रेस्क्यू’सारखे साधन वापरावे, जे सुस्थितीतील भाग प्रथम उतरवते आणि खराब भागांकडे शेवटी वळते.

डिस्क निर्दोष निघाल्यास लक्ष इतरत्र वळवावे. मिनिट-दोन मिनिटांनी संगणक आपोआप भानावर येत असेल तर अडथळा साठवणुकीच्या वाटेवर असण्याचा संभव अधिक, आणि कधीच येत नसेल तर मेमरी, वीजपुरवठा किंवा उष्णता यांचा संशय घ्यावा. प्रती घट्ट बांधताना, म्हणजे कॉम्प्रेस करताना, प्रोसेसरवर मोठा भार पडतो, आणि विदर्भातल्या मे महिन्यात धुळीने भरलेला पंखा तो भार पेलू शकत नाही. प्रत ज्या बाह्य डिस्कवर जाते तीही तपासावी, कारण यूएसबी २.० ची खाच ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह देण्यास बांधील असते आणि काही डिस्कना तो अपुरा पडतो. बॅकअपच्याच वेळी अँटिव्हायरसची तपासणी ठेवलेली असेल, तर दोहोंच्या वेळा वेगळ्या कराव्यात.

संगणक हँग होत असताना घेतलेली प्रत अपुरी असू शकते, मग सॉफ्टवेअरने ती पूर्ण झाल्याचे दाखवले असले तरीही. म्हणून नव्या प्रतीतील निरनिराळ्या काळातील काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय आधीची चांगली प्रत पुसू नये, आणि बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या प्रती आपोआप काढून टाकण्याची सोय चालू असल्यास ती तोवर बंद ठेवावी.