जॉर्जियाची गाणारी मुले

सायप्रस बेटावरील लिमासोल शहरात २००८ च्या नोव्हेंबर महिन्यात युरोपातील मुलांची गाण्याची स्पर्धा भरली होती. जॉर्जिया देशाची पाळी आली तेव्हा पिवळ्या-काळ्या पोशाखातील एक मुलगा आणि दोन मुली रंगमंचावर आल्या. त्यांच्या गाण्यात कोणत्याही भाषेचा अर्थाचा शब्द नव्हता. मधमाश्यांच्या पोळ्याजवळ उभे राहिल्यावर जी गुणगुण कानी पडते, तशीच गुणगुण तिघांनी आपापल्या पट्टीत धरली आणि तिचेच गाणे केले. त्यांच्या चमूचे नाव होते बझिकेबी. जॉर्जियन भाषेत याचा अर्थ गांधीलमाश्या. (शेतकी खात्यातील माणसाला मधमाशी आणि गांधीलमाशी यांतील फरक सांगितल्यावाचून राहवत नाही, पण गाणे ऐकताना तो आड येत नाही.) १५४ गुण मिळवून ही तीन पोरे पहिली आली.

त्याच साली ऑगस्टमध्ये जॉर्जिया आणि रशिया यांच्यात पाच दिवसांचे युद्ध झाले होते. पुढच्याच वर्षी मोठ्यांची युरोपीय गीतस्पर्धा मॉस्कोत होती. जॉर्जियाने निवडलेल्या गाण्यात रशियाच्या नेत्याला टोमणा असल्याचे संयोजकांचे म्हणणे पडले, शब्द बदलायला सांगण्यात आले, आणि जॉर्जियाने स्पर्धेतूनच अंग काढून घेतले. मोठ्यांचे असे झाले. मुलांचे गाणे मात्र त्या सालीही थांबले नाही.

हा जॉर्जिया अमेरिकेतला नव्हे. काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्या कुशीतला हा देश आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहूनही लहान आहे. लोकवस्ती आपल्या एकट्या अहिल्यानगर जिल्ह्याहून कमी. द्राक्षे, मका आणि हेझलनट नावाचे कवचाचे फळ ही तेथील ओळखीची पिके. एवढ्याशा देशाने २००७ साली रॉटरडॅम येथे या स्पर्धेत पहिले पाऊल टाकले आणि त्यानंतर एकही वर्ष चुकवले नाही. २००८, २०११, २०१६ आणि २०२४ अशी चार वेळा पहिली जागा पटकावली. एवढे विजय मिळवणारा तो पहिला देश.

यामागे काय असावे? पैसा म्हणावा तर युरोपातील कितीतरी देश त्याच्याहून श्रीमंत आहेत. माझ्या मते उत्तर तेथील शेतात आणि जेवणाच्या पंगतीत सापडते.

जॉर्जियन माणूस एकटा फारसा गात नाही. गाणे तीन आवाजांचे असते. वरचा आवाज एक चाल धरतो, मधला दुसरी, आणि खालचा, ज्याला ते बानी म्हणतात, जमीन धरून ठेवतो. तिघांचे सूर निरनिराळे, तरी गाणे एकच. आपल्या भजनात एक सांगतो आणि बाकीचे त्याच चालीत मागून म्हणतात, त्याहून ही रीत वेगळी आहे. युनेस्कोने २००१ साली या गायनाला मानवजातीचा ठेवा म्हणून मान दिला. त्याआधीच, १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर याने अंतराळात सोडली तेव्हा पृथ्वीवरील निवडक संगीताच्या तबकडीत 'चाक्रुलो' हे जॉर्जियन गाणे घालून पाठवले होते. पंगतीला बसलेले मूल हे आवाज ऐकत वाढते. दुसरा वेगळे गात असताना आपला सूर न सोडणे ही मोठी अवघड गोष्ट. ती कानावर लहानपणी पडली तरच अंगी मुरते.

पश्चिमेकडील गुरिया आणि अजारा या भागांत 'नादुरी' नावाची गाणी होती. मक्याच्या खुरपणीला सारे गाव एकेकाच्या शेतात उतरे. आपल्याकडे याला इर्जिक म्हणा, सावड म्हणा, तोच प्रकार. गाणाऱ्यांचे दोन ताफे होत, एकाने टाकलेले दुसऱ्याने उचलायचे, आणि हळूहळू लय वाढत जायची, तशी खुरपीही भरभर चालायची. आपली भलरी ज्यांनी ऐकली आहे त्यांना जास्त सांगणे नको. भलरीसारखेच तेथील गाण्यांतही अर्थ नसलेले, नुसते नादाचे शब्द भरपूर असतात. 'ओदेलिया' हा त्यांतलाच. २००७ साली जॉर्जियाची पहिली स्पर्धक मरियम रोमेलाश्विली हिने जे गाणे म्हटले, त्याच्या नावातच हा शब्द होता. ती चौथी आली.

पण नादुरी आता शेतात ऐकू येत नाही. सारे गाव मिळून खुरपायला जाण्याची पद्धत मोडली, यंत्रे आली, तणनाशके आली, आणि कामाबरोबर कामाचे गाणेही गेले. आज ते मंचावर, गायकांच्या मेळ्यांत उरले आहे. आपल्या भलरीचे काय झाले ते वाचक जाणतातच. तणनाशकाचा फवारा कसा मारावा हे गावोगाव सांगत फिरणाऱ्यांपैकी मीही एक. त्याने खर्च आणि श्रम वाचले हे खरे, आणि शिवार मुके झाले हेही खरे.

स्पर्धेतील पुढची गाणी अर्थात आधुनिक चालीची आहेत, वाद्येही आधुनिक. २०११ साली आर्मेनियातील येरेवान येथे कँडी नावाच्या पाच मुलींच्या चमूने अवघ्या पाच गुणांनी बाजी मारली. २०१६ मध्ये मरियम ममादाश्विली ही मुलगी एकटी उभी राहिली. गाण्याचे नाव 'म्झेओ', म्हणजे 'हे सूर्या'. तिला २३९ गुण पडले. गंमत अशी की २०२४ साली माद्रिदमध्ये आंद्रिया पुत्कारादझे या मुलाने आईवरचे गाणे म्हणून जिंकले, त्यालाही बरोबर २३९ च गुण. मधे पडतीची वर्षेही होती. २०१४ मध्ये अकरावी जागा, २०१९ मध्ये चौदावी. तरी पुढच्या वर्षी नवे मूल गेलेच. २०१७ ची स्पर्धा तिबिलिसी या जॉर्जियाच्या राजधानीतच होती. तेथे घरच्या मुलाला १८५ गुण पडले आणि रशियाची मुलगी १८८ गुणांनी पहिली आली.

आता या स्पर्धेची दुसरी बाजू. आपल्याकडे झी मराठीवरील लिटिल चॅम्प्समध्ये २००९ साली आळंदीची कार्तिकी गायकवाड पहिली आली. त्यानंतर गोड गळ्याचे पोर दिसले की 'हिला टीव्हीवर पाठवा' हे वाक्य तालुक्या-तालुक्यात ऐकू येऊ लागले. पाठवावे की नाही, हा घरातला प्रश्न आहे. पण युरोपातही याच प्रश्नावरून मतभेद झाले. ही स्पर्धा २००३ साली डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये सुरू झाली. पण मुलांवर फार ताण येतो असे म्हणून डेन्मार्क आणि नॉर्वे २००५ नंतर बाहेर पडले. ज्याने रोप लावले त्यानेच ते उपटले म्हणायचे.

टीकेचा उपयोग नाही झाला असे मात्र नाही. २००५ पासून २०१५ पर्यंत प्रत्येक देशाला आरंभीच बारा गुण देऊन ठेवत, म्हणजे कोणत्याही मुलाच्या नावापुढे शून्य दिसू नये. स्पर्धा पूर्वी रात्री होई, ती २०१६ पासून दुपारी होऊ लागली. वयाची मर्यादा आता ९ ते १४ आहे. गाणे मुख्यत्वे आपल्या देशाच्या भाषेत असावे असाही दंडक आहे, आणि जॉर्जियनसारख्या, स्वतःची निराळी लिपी असलेल्या लहान भाषेला तो फार मोलाचा. इंग्रजीचा शिरकाव झालाच आहे, गाण्यांची नावे पाहिली की कळते. दंडक नसता तर जॉर्जियन शब्द तोंडी लावण्यापुरतेच राहिले असते.

मला यातले बारा गुणांचे कलम सर्वांत आवडते. हरलेल्या मुलाला घरी परतायचे असते, शाळेत जायचे असते, आणि तेथे शून्य हा आकडा त्याची पाठ सोडत नाही. आपल्या तालुका पातळीच्या स्पर्धांत बक्षीस समारंभ थाटाचा होतो. न जिंकलेल्या तीस-चाळीस पोरांना साधा पेलाभर दूध किंवा शाबासकीचा शब्द मिळतो का, हे संयोजकांनी पाहायला हवे. यास खर्च फारसा येत नाही.

माद्रिदमधील विजयानंतर १३ डिसेंबर २०२५ रोजी ही स्पर्धा पुन्हा तिबिलिसीत झाली. त्या दिवशी फ्रान्स जिंकला, आणि त्याच्याही नावावर आता चार विजय जमा आहेत.