एकच विकर, अनेक क्रियाधार : पित्तक्षार तोडणाऱ्या विकराची रचना

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या जिवाणूयुक्त कॅप्सूल दुकानात ठेवाव्यात काय, असा प्रश्न निघोजे-चाकण परिसरातील औषधविक्रेते सभासद आम्हांस विचारतात. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी आतड्यातील एका विकराच्या (एन्झाइमच्या) रचनेत आहे, आणि त्या रचनेचा अभ्यास आपल्या पुण्यातच झालेला आहे.

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनविते आणि ती ग्लायसीन किंवा टॉरीन यांच्याशी अमाइड बंधाने जोडते. (हा द्रव म्हणजेच पाचकपित्त, असे समीकरण मात्र आम्ही मांडत नाही.) आतड्यातील काही जिवाणूंचे विकर हा बंध तोडते. पित्ताम्ले अनेक, जोडीदार दोन. तरी विकर एकच. कुलूप-किल्लीचा रूढ दृष्टान्त येथे अपुरा पडतो.

विकराचा स्फटिक करून त्यावर क्ष-किरण टाकले असता त्यातील अणूंची मांडणी कळते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूच्या विकराची अशी रचना २००५ साली प्रसिद्ध झाली. तीत तुटलेले दोन्ही तुकडे खोबणीतच सापडले. पित्ताम्लाचा स्टेरॉइड भाग खोबणीच्या जलविरोधी भिंतींना नुसता टेकलेला होता. टॉरीनशी नेमके संबंध थोडेच होते. नेमके असते ते पाते, म्हणजे शृंखलेच्या आरंभीचे सिस्टीन. अडकित्त्यात सुपारी लहान आली काय वा मोठी आली काय, पात्याखाली नीट बसली की पुरे, तसेच हे.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. सी. जी. सुरेश व सहकाऱ्यांनी यॉर्क विद्यापीठातील संशोधकांसमवेत २००६ साली बायफिडोबॅक्टेरियम लाँगमच्या विकराची रचना प्रसिद्ध केली. तत्पूर्वी, १९९९ साली, त्यांनी पेनिसिलिन व्ही ॲसिलेज या विकराची रचना उलगडली होती. हे विकर पेनिसिलिनची बाजूची साखळी तोडते. उरलेल्या गाभ्यापासून नवी पेनिसिलिने बनवितात. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, तेव्हापासून पेनिसिलिन या पट्ट्यास परके नाही. तिन्ही विकरांची तुलना करता सांगाडा व पाते सारखेच आढळले; समान क्रियाधारांवरील त्यांच्या क्रियेत मात्र चढती-उतरती श्रेणी दिसली. म्हणजे खोबणीच्या भिंती थोड्या बदलल्या की आवड बदलते.

आता कॅप्सूलकडे वळू. सुटे झालेले पित्ताम्ल आतड्यातून कमी प्रमाणात परत शोषले जाते, अधिक मलावाटे जाते, आणि यकृतास नवे बनविण्यासाठी कोलेस्टेरॉल वापरावे लागते. जाहिरातींचा आधार एवढाच. परंतु हे विकर प्रत्येक जिवाणूत सारख्या क्षमतेचे नसते. शिवाय सुट्या पित्ताम्लांपैकी काहींचे इतर जिवाणू डीऑक्सिकोलिक आम्लात रूपांतर करतात, आणि त्याचे आधिक्य आतड्यास हितकर मानले जात नाही. म्हणून वेष्टनावर केवळ जिवाणूचे कुलनाम असेल, तर विक्रेत्यांनी पुरवठादाराकडून नेमका वाण व त्यावरील चाचणी मागावी. घरच्या ताकास तोच गुण चिकटविणे आम्हांस मान्य नाही; ताकाची ग्रहणीतील योजना स्वतःच्या शास्त्राधारावर उभी आहे. आणि मेदोरोग्याची चालू औषधे अशा कॅप्सूलच्या भरवशावर कोणी बंद करू नयेत.