फूल घराणं सांगतं, शेंग नाव सांगते

कळंब म्हटलं की मांजरेकाठची काळी माती डोळ्यांपुढे येते. पण बालाघाटाच्या उतारांवर, गायरानांत आणि बरड बांधांवर पातळ मुरमाखाली लगेच खडक लागतो. हा मुरूम पाणी धरून ठेवत नाही. इथल्या हंगामी रोपाला उगवून, फुलून, बी टाकून मोकळं व्हायला पावसाळ्याचे तीन-चार महिनेच मिळतात. त्यामुळे बरीचशी रोपं एकाच वळणाची होतात: बुटकी, पसरट, लहान पानांची, अंगावर लव असलेली. सख्खी भावंडं वेगळी काढता येत नाहीत आणि परकी सख्खी वाटतात. अशा वेळी आपण ओळखीसाठी फुलाकडे धावतो. माझं म्हणणं असं की फूल घराण्याच्या दारापर्यंत नेऊन सोडतं. आतल्या माणसाचं नाव शेंग, देठ आणि पान सांगतात.

टाकळ्याचंच पाहा. आपण सरसकट टाकळा म्हणतो, पण वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्येच त्यात 'टोरा' आणि 'ऑब्ट्युसिफोलिया' अशा दोन जाती नोंदवल्या होत्या. पुढच्या अनेक अभ्यासकांनी त्या एकच मानल्या, कारण दोघींची पिवळी फुलं जवळजवळ सारखीच. फरक पानाच्या देठावर आहे. टोराच्या खालच्या दोन पर्णिका-जोड्यांमध्ये एकेक बारीक उभी ग्रंथी असते, ऑब्ट्युसिफोलियात ती फक्त सर्वांत खालच्या जोडीत. टोराच्या शेंगेचा देठ आखूड, दुसरीचा चांगला लांब. आणि अमेरिकेतून आलेला, आता रस्त्याकडेला माजलेला 'युनिफ्लोरा' पिवळ्या फुलावरून या दोघींत सहज खपून जातो. त्याची शेंग मात्र आखूड, चपटी, लवदार आणि बियांमध्ये दबलेली असते, टाकळ्यासारखी लांब, कोयत्यासारखी वाकलेली नसते.

उन्हाळी, म्हणजे शरपुंखा, हेच अधिक सुंदर रीतीने दाखवते. तिची जांभळट फुलं ती वाटाणा-हरभऱ्याच्या कुळातली आहे एवढंच सांगतात. तिच्यासारखीच संयुक्त पानं नीळवर्गातल्या झुडपांनाही असतात. पण उन्हाळीची पर्णिका दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढली, तर ती सरळ फाटत नाही, बाणाच्या पिसासारखी टोकदार खाच पाडून तुटते. शर म्हणजे बाण आणि पुंख म्हणजे त्याचा पिसाचा भाग. नाव ठेवणाऱ्याने पान तोडून पाहिलं होतं. इथवर आपण वर्गापर्यंत पोचलो. जात ठरवायला पुन्हा शेंगच हवी: दाट पांढरट लोकर असलेली शेंग याच वर्गातल्या 'व्हिलोसा' जातीची, जवळजवळ गुळगुळीत शेंग खऱ्या उन्हाळीची.

कुणी म्हणेल, फळावर इतका भरवसा ठेवला तर गोखरूपाशी फसाल. आक्षेप बरोबर आहे. सराटा आणि मोठं गोखरू या दोघांची फळं काटेरी, म्हणून दोघांनाही गोखरू हेच नाव पडलं. पण सराट्याचं फूल पाच सुट्या पाकळ्यांचं आणि पानं संयुक्त. मोठ्या गोखरूचं फूल नळीसारखं, कारण ते तिळाच्या घराण्यातलं. त्याची ताजी फांदी पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत होतं. म्हणजे आक्षेपाने माझा मुद्दा खोडला जात नाही, त्याचा क्रम पक्का होतो: आधी फुलावरून घराणं, मग फळावरून नाव. पहिली पायरी गाळली तर दुसरी चुकीच्या घरात नेते.

दुसरा आक्षेप असा की हे काम आता मोबाइलचं ॲप करतं. करतं, पण लोक फोटो काढतात तो फुलाचा, देठावरच्या ग्रंथीचा नव्हे. आणि ओळख चुकली तर नुकसान खरं असतं: शंखपुष्पी या एकाच नावाने विष्णुक्रांता, तिच्याच कुळातली दुसरी वनस्पती आणि पार वेगळ्या कुळातली गोकर्णही औषधासाठी वापरली जाते.

थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची नोंद केली, तेव्हा कळंब निजामाच्या मुलखात, म्हणून त्यांच्या हद्दीबाहेर होतं. कळंब ज्यात येतं त्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्याच्या वनस्पतींवर व्ही. एन. नाईक यांचा ग्रंथ आला १९७९ मध्ये. तो पाया आपल्याकडे आहे. त्यावर उभं राहायचं तर एकाच झुडपाकडे दोनदा जावं लागेल: एकदा श्रावण-भाद्रपदात फुलासाठी, आणि एकदा दिवाळीत, टाकळ्याच्या शेंगा वाळत आलेल्या असताना.