काचेची बाजू घेणारे काओ

मुलांनो, घरात टेबलावर किंवा कपाटाला काच आहे? तिच्यातून समोरून पाहा. पलीकडचं सगळं स्वच्छ दिसेल. आता तिच्या कडेकडे पाहा. (हात लावू नका हं, कड धारदार असते.) काच चक्क हिरवी! माझ्या चौथीच्या वर्गात एकाने विचारलं, "बाई, हा रंग कुणी दिला?"

कुणीच नाही. काच वाळूपासून बनते आणि वाळूत लोहाचा अंश असतो. तो थोडा थोडा प्रकाश शोषून घेतो. समोरून काच पातळ, म्हणून आपल्याला कळत नाही. कडेतून मात्र प्रकाशाला लांबचा पल्ला गाठावा लागतो, आणि चोरी उघडी पडते.

ही चोरी पकडली चार्ल्स काओ यांनी. १९३३ मध्ये शांघायला जन्मलेले काओ इंग्लंडमध्ये हार्लो इथल्या प्रयोगशाळेत काम करत. काचेच्या बारीक तंतूतून प्रकाश वळवून नेता येतो, हे तोवर ठाऊक होतं. आपल्या पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्याबरोबर अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्रही पाठवून दाखवलं होतं. (कपानींना नोबेल मिळालं नाही, याची रुखरुख मला अजून वाटते. भारताने २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.)

पण अडचण मोठी होती. जेमतेम वीस मीटर गेलं, की शंभरातला एकच भाग प्रकाश उरे. मग टेलिफोनचं बोलणं गावोगावी कसं न्यायचं? काच या कामाची नाही, असंच बहुतेकांना वाटे. काओ आणि त्यांचे सहकारी जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली निबंध लिहून सांगितलं, की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. काच शुद्ध करा, म्हणजे एक किलोमीटरनंतरही शंभरातला एक भाग उरेल, आणि तेवढा पुरे! १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने तसा तंतू बनवला. आज समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलींमधून असलेच तंतू देशोदेशीचं बोलणं वाहून नेतात.

या कामासाठी काओंना भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं, पण कधी? २००९ साली! तेव्हा ते ७६ वर्षांचे होते आणि त्यांना अल्झायमर, म्हणजे विस्मरणाचा आजार जडला होता. त्यांचं नोबेल व्याख्यान पत्नी ग्वेन यांनी दिलं. स्टॉकहोमच्या समारंभात पारितोषिक घ्यायला विजेत्याने राजापर्यंत चालत जायचं असतं. त्या दिवशी मात्र राजाच काओंपर्यंत चालत आला.