हाक मारली तरी ओ देईना!

घरच्या घरी सर्व्हर थाटणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. अडगळीत पडलेला जुना लॅपटॉप किंवा तळहातावर मावणारा ‘रास्पबेरी पाय’ नावाचा संगणक घ्यायचा, एक हार्ड डिस्क जोडायची, लिनक्स चढवायचं, की कुटुंबाचे फोटो, सिनेमे, दाराबाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्रण सगळं आपल्याच छताखाली राहतं. पण हा सर्व्हर केबलऐवजी वायफायवर ठेवला, की अनेकांना एका विचित्र दुखण्याला तोंड द्यावं लागतं. सर्व्हरचे दिवे लुकलुकत असतात, पण लॅपटॉपवरून हाक मारावी तर उत्तर नाही. उठून त्याला कीबोर्ड आणि पडदा जोडावा तर स्वारी ठणठणीत, इंटरनेट चालू, अपडेट उतरवणं चालू. जागेवर परत यावं तर आता लॅपटॉपवरूनही दिसतो. थोड्या वेळानं पुन्हा बेपत्ता.

मग राउटर बंद-चालू करणं, पासवर्ड नव्यानं घालणं, इंटरनेट कंपनीला फोन करणं असे उपाय सुरू होतात. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! यातल्या एकाही उपायाचा मूळ दुखण्याशी संबंध नसतो. घरगुती सर्व्हरचं वायफाय बिघडतं तेव्हा बहुतेक वेळा त्याची वाचा शाबूत असते, कान गेलेले असतात.

मोबाइल स्वतः काहीतरी मागतो आणि त्याच्या मागणीपाठोपाठ उत्तर येतं. उत्तर कधी येणार हे त्याला साधारण ठाऊक असतं. सर्व्हरचं काम याच्या उलट. कोण, कधी बोलावील याचा नेम नाही, तरी चोवीस तास कान देऊन बसायचं. वायफायची घडण मात्र बॅटरीवर चालणाऱ्या, मागणाऱ्या उपकरणांच्या सोयीनं झाली आहे. त्यामुळे दोष शोधताना ‘सर्व्हर इंटरनेटवर आहे का?’ यापेक्षा ‘सर्व्हरला ऐकू येतंय का?’ हा प्रश्न आधी विचारावा.

डुलकी घेणारा रेडिओ

ऐकत बसण्यासाठीही वीज लागते. बॅटरी वाचावी म्हणून वायफायच्या नियमांत एक सोय आहे. उपकरण राउटरला कळवतं, ‘मी जरा झोपतो’, आणि आपला रेडिओ बंद करतं. राउटर त्याच्या नावानं आलेला मजकूर सांभाळून ठेवतो. दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला साधारण दहा वेळा, राउटर एक छोटी दवंडी पिटत असतो. तिला ‘बीकन’ म्हणतात. कोणाकोणाचा मजकूर थकला आहे याची यादी त्या बीकनमध्ये असते. झोपलेलं उपकरण ठरलेल्या बीकनला जागं होतं, आपलं नाव आहे का ते पाहतं, असल्यास मजकूर मागून घेतं आणि पुन्हा झोपतं.

मोबाइलसाठी ही व्यवस्था उत्तम आहे. भिंतीतल्या सॉकेटवर चालणाऱ्या सर्व्हरला मात्र तिचा काडीचा उपयोग नाही. तरीही अनेक लिनक्स प्रणालींत ही सवय मुळातच चालू असते. रास्पबेरी पायवर असलेल्या वायफायच्या बाबतीतही ती चालू आढळते.

डुलकी पकडणं सोपं आहे. लॅपटॉपवरून सर्व्हरला ‘पिंग’ हा ‘आहेस का?’ विचारणारा छोटा संदेश पाठवत राहा आणि उत्तराला लागलेल्या वेळेच्या आकड्यांकडे बघा. चांगल्या वायफायवर उत्तर दोन ते पाच मिलिसेकंदांत येतं. इथे मात्र ११०, ४, ८७, २०३, ६ असे आकडे उड्या मारताना दिसतात. गर्दीमुळे येणारा उशीर वाटेल तसा विखुरलेला असतो. झोपेमुळे येणाऱ्या उशिराला साधारण शंभर मिलिसेकंदांची मर्यादा दिसते, कारण जाग येते ती बीकनच्या ठेक्यावर. एकाआड एक बीकन चुकवायची सवय असेल तर ही मर्यादा दोनशेवर जाते. लिनक्समध्ये ‘आयडब्ल्यू’ नावाचं साधन असतं. त्यातून ही डुलकी, म्हणजे ‘पॉवर सेव्ह’, बंद करता येते आणि आकडे तिथल्या तिथे खाली बसतात. मात्र सर्व्हर पुन्हा सुरू झाला की जुनी सवय परत येते, म्हणून ही आज्ञा नेटवर्कच्या सेटिंगमध्ये कायमची लिहून ठेवावी लागते.

एकदाच मारलेली हाक

उशीर समजला, पण सर्व्हर पूर्ण बेपत्ता का होतो? घरातल्या जाळ्यात प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता असतो आणि रेडिओच्या पातळीवर ओळख पटवणारा वेगळा मॅक पत्ता असतो. या दोहोंची जोडी लॅपटॉप थोडा वेळ लक्षात ठेवतो, मग खात्री करून घेतो. जोडी विसरला असेल तर तो सगळ्या घराला उद्देशून विचारतो, ‘१९२.१६८.१.२० कोण आहे?’ याला एआरपी म्हणतात.

वायफायवर एकासाठी पाठवलेल्या प्रत्येक संदेशाची पोच मिळते. पोच आली नाही तर तो पुन्हा पाठवला जातो. पण सर्वांना उद्देशून राउटरनं दिलेल्या हाकेला पोच नसते. ती एकदाच दिली जाते, तीही झोपलेली मंडळी जागी होण्याच्या ठरलेल्या क्षणी. त्या क्षणी सर्व्हर पेंगत असला किंवा गोंगाटात त्याला ऐकू आलं नाही, तर हाक वाया जाते. लॅपटॉप आणखी दोन-तीनदा विचारतो आणि ‘असा कोणी इथे नाही’ म्हणून मोकळा होतो.

सर्व्हरला कीबोर्ड जोडून काही केलं की तो सुधारतो, यामागचं कारणही हेच. तो स्वतः बोलला की त्याचा रेडिओ जागा राहतो आणि त्याचा पत्ता पुन्हा इतरांच्या लक्षात येतो. ‘.लोकल’ असं शेपूट लावलेल्या नावानं सर्व्हर शोधण्याची पद्धतही अशाच सामुदायिक हाकेवर चालते. त्यामुळे नावानं सापडत नाही पण आकडी पत्त्यानं सापडतो, असाही प्रकार दिसतो. राउटरमध्ये सर्व्हरसाठी एक पत्ता राखून ठेवला, तर निदान पत्ता बदलल्याची शंका तरी मिटते. राउटरवर ‘गेस्ट नेटवर्क’ असेल तर सर्व्हर चुकून त्यावर जोडलेला नाही ना, तेही पाहावं. तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलायला बहुधा बंदीच असते.

शेजारच्या डिस्कच्या कानठळ्या

पॉवर सेव्ह बंद केलं, पत्ता राखून ठेवला, तरी वेग मंद आणि जोडणी तुटते आहे. लॅपटॉपवर तर सिग्नलच्या सगळ्या पट्ट्या भरलेल्या. अशा वेळी सर्व्हरला जोडलेल्या हार्ड डिस्ककडे संशयानं पाहायला हरकत नाही.

यूएसबी ३.० वर माहिती सेकंदाला ५ अब्ज बिट या वेगानं धावते. इतक्या वेगानं खालीवर होणारी विद्युत स्पंदनं स्वतःच रेडिओ लहरी सोडतात. त्यांचा पसारा रुंद असतो आणि वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा नेमका त्यात सापडतो. इंटेलनं २०१२ साली याच विषयावर एक तांत्रिक अहवाल काढला होता. यूएसबी ३.० डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलनं, म्हणजे जवळपास शंभरपटीनं चढतो, असं त्यात मोजून दाखवलं होतं.

वायफायच्या सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात. उणे ७० डीबीएम म्हणजे वॉटचा एक हजार-कोटीवा भाग. इतकी क्षीण कुजबुज टिपणाऱ्या अँटेनापासून चार बोटांवर डिस्कची वायर फडफडत असेल, तर अँटेनाच्या कानठळ्या बसणारच. सिग्नल पहिल्याइतकाच येत असतो, म्हणून पट्ट्या भरलेल्या दिसतात. आजूबाजूचा गोंगाट वाढल्यामुळे शब्द कळेनासे होतात. राउटर दूर असल्यानं त्याला हा गोंगाट जाणवत नाही. म्हणून सर्व्हरचं बोलणं तिकडे नीट पोचतं आणि तिकडचं इकडे पोचत नाही.

याची कसोटी घ्यायला ‘आयपर्फ’ हे छोटं साधन पुरेसं आहे. ते दोन यंत्रांमधला वेग दोन्ही दिशांनी मोजतं. सर्व्हरकडून लॅपटॉपकडे वेग चांगला आणि उलट दिशेनं निम्म्याहूनही कमी असेल, तर दोष सर्व्हरच्या ऐकण्यात असण्याची दाट शक्यता आहे. डिस्क काढून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर चोर सापडला. डिस्क हातभर लांब, चांगलं वेष्टण असलेल्या वायरीवर ठेवणं किंवा सर्व्हरला ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेणं, हे दोन्ही उपाय चालतात.

असा गोंगाट पडद्याच्या वायरीतूनही येतो. रास्पबेरी पाय ४ बाजारात आल्यानंतर काही महिन्यांनी, २०१९ च्या अखेरीस, एक तक्रार पुढे आली. पडद्याचं रिझोल्युशन २५६० बाय १४४० ठेवलं की वायफाय बंद पडतं! त्या रिझोल्युशनला एचडीएमआयमधले बिट धावतात सेकंदाला २४१.५ कोटी, म्हणजे २.४१५ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि वायफायच्या पहिल्या चॅनेलचा मध्य आहे २.४१२ गिगाहर्ट्झ. दोघं जवळजवळ एकाच सुरात. पडद्याचं रिझोल्युशन बदलून वायफाय दुरुस्त होतं, हे ऐकायला थट्टेसारखं वाटेल, पण त्यामागे इतकं सरळ गणित आहे.

सगळ्यांची हवा

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेनं १९८५ साली विनापरवाना संपर्कासाठी खुला केला. भारतात तो जानेवारी २००५ मध्ये परवान्यातून मुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झमधला मोठा पट्टा २०१८ च्या ऑक्टोबरात. परवाना नाही म्हणजे मालकही नाही. ठाण्यातल्या किंवा पिंपरीतल्या एखाद्या सोसायटीत मोबाइलवर वायफायची यादी उघडली की खाली खाली सरकतच राहते. ती सगळी मंडळी एकाच हवेत बोलत असतात.

त्यांच्यातला शिष्टाचार साधा आहे. आधी ऐकायचं, कोणी बोलत नसेल तर थोडं थांबून बोलायचं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडे १३ चॅनेल आहेत, पण ती एकमेकांपासून अवघ्या ५ मेगाहर्ट्झवर आणि प्रत्येकाची रुंदी निदान २०. त्यामुळे एकमेकांना न छेदणारी तीनच उरतात: १, ६ आणि ११. गर्दी चुकवायला कोणी शहाणा ३ किंवा ४ वर जातो आणि परिस्थिती आणखी बिघडवतो. एकाच चॅनेलवरचे दोन राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि पाळी लावतात. अर्धवट छेदणाऱ्या चॅनेलवरच्यांना एकमेकांचं बोलणं कळत नाही, नुसता गोंगाट पोचतो. म्हणून गर्दीचा का होईना, पण १, ६ किंवा ११ यांतलाच चॅनेल घ्यावा.

मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. त्याच्या आत ७००-८०० वॉट खेळत असतात. राउटरची ताकद असते वॉटच्या साधारण दहाव्या भागाएवढी. दारातून निसटणारा अल्पांशही वायफायला पुरून उरतो. मात्र साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ओव्हनमध्ये लहरी विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या एकाच अर्ध्या भागात निर्माण होतात. आपली वीज ५० आवर्तनांची, त्यामुळे दर २० मिलिसेकंदांतली जवळपास १० शांत मिळतात. ओव्हन चालू असताना वायफाय मेल्यासारखं न होता अडखळत चालतं, ते यामुळे.

भिंतींचाही वाटा आहेच. आरसीसीतल्या सळ्या, लोखंडी कपाट, मोठा आरसा हे सगळे लहरी परतवतात. परतलेल्या आणि सरळ आलेल्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना पुष्ट करतात, काही ठिकाणी मारतात. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी बारा ते साडेबारा सेंटिमीटर आहे. त्यामुळे सर्व्हर दोन बोटं सरकवला तरी सिग्नल बदलू शकतो. नवा राउटर घेण्याआधी हा फुकटचा प्रयोग करून पाहायला काय हरकत आहे?

एका वेळी एकच बदल

एवढी कारणं हाताशी असली की मोह होतो सगळे उपाय एका दमात करण्याचा. मग दुखणं गेलं तरी कशानं गेलं ते कळत नाही आणि पुन्हा उद्भवलं की पहिले पाढे पंचावन्न.

सर्वांत आधी सर्व्हरला तात्पुरती केबल लावून पाहावी. तरीही तो बेपत्ता होत असेल तर वायफाय निर्दोष आहे. चार्जर, कार्ड, डिस्क तपासा. रास्पबेरी पायला वीज कमी पडते आहे का, हे तो स्वतः नोंदवून ठेवतो. ५ व्होल्टची वीज ४.६३ च्या खाली घसरली की इशारा येतो. मोबाइलचा जुना चार्जर वापरणाऱ्यांनी ही नोंद जरूर पाहावी.

केबलवर सगळं सुरळीत चालत असेल तर दोष हवेत आहे. मग सर्व्हरकडून राउटरला आणि लॅपटॉपकडून सर्व्हरला, असे दोन पिंग वेळेसकट फाइलमध्ये लिहीत रात्रभर चालू ठेवावेत. सकाळी त्या फाइलमध्ये रोगाची कुंडलीच मिळते. पहिला व्यवस्थित आणि दुसरा गळलेला असेल तर झोप किंवा हरवलेली हाक. दोन्ही सतत खराब असतील तर भिंत आणि अंतर. रात्री दहापर्यंत खराब आणि नंतर बरे असतील तर शेजाऱ्यांची गर्दी. डिस्कवर बॅकअप सुरू होतो त्याच वेळी बिघडत असतील तर डिस्क.

हे सगळं करूनही एक गोष्ट वायफायला जमत नाही. लॅपटॉप आणि सर्व्हर एकाच टेबलावर असले तरी त्यांचं बोलणं राउटरमार्फतच होतं. प्रत्येक माहिती हवेतून दोनदा जाते, आधी राउटरकडे आणि मग सर्व्हरकडे. रास्पबेरी पाय ३ चा वायफाय जास्तीत जास्त ७२ मेगाबिटवर जोडला जातो. पोच आणि पाळी वजा जाता त्यातले चाळीसेक हाती लागतात, आणि दोन्ही यंत्रं त्याच चॅनेलवर असतील तर उरतात वीसेक. एक गिगाबाइटचा सिनेमा चढवायला सहा-सात मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ घरातल्या इतरांचा वायफायही अडतो. सर्व्हरला गिगाबिट पोर्ट असेल तर केबलवर हेच काम, डिस्कनं साथ दिली तर, नऊ-दहा सेकंदांचं आहे.

म्हणून सर्व्हर फायबरच्या डब्याशेजारीच ठेवावा आणि हातभर केबलनं राउटरला जोडावा. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायची परवानगी नसली तरी ही जागा सहसा मिळते. वायफाय हातात घेऊन फिरायच्या वस्तूंसाठी राखून ठेवावं. सर्व्हर जागचा हलत नाही. त्याला केबल दिली की त्याचं दुखणं तर जातंच, शिवाय घरातल्या बाकीच्या फोन-लॅपटॉपच्या वाट्याला हवाही जास्त येते.